डंडीची चौकशी

मुलगा राहत होता डरहॅमला, हायवेनं जेमतेम अर्ध्या तासावर. आणि एकनाथराव चौकशी करत होते समुद्रापलीकडच्या त्याच्या गावाची, तीसुद्धा लायब्ररीतल्या पुस्तकांतून! मी म्हणते, गाडी काढा, जा, मुलाला बघा, चहा प्या, दोन प्रश्न विचारा, मोकळे व्हा. पण ऐकतील तर ते एकनाथराव कसले.

एकनाथराव ताम्हनकर म्हणजे माझ्या मैत्रिणीचे, सुलभाचे यजमान. मूळचे मिरजेचे, पण अमेरिकेतल्या या कॅरीत येऊन तीस वर्षं होत आलेली. औषधांच्या कंपनीत ते क्वालिटीत होते. गोळ्यांची बॅच तयार झाली की हे ती तपासणार, आणि यांची सही झाल्याशिवाय एक बाटली गेटबाहेर पडणार नाही. दिवसभर हेच करणारा माणूस घरी आल्यावर तरी कसा सुधारणार? दुधाची तारीख बघायची, धन्याची पुडी वास घेऊन बघायची, पाहुण्यांनी आणलेले पेढेसुद्धा आधी मोडून बघायचे. सुलभा वैतागायची. "एक दिवस माझी आमटी रिजेक्ट करतील बघ," म्हणायची. ती गेली त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मागे राहिले हे आणि त्यांची एकुलती एक मुलगी अबोली. ती डरहॅमला पीएचडी संपवत होती आणि शनिवार-रविवार घरी यायची.

मी सुवर्णा, नागपूरची. आमच्या कॅरीच्या लायब्ररीत काउंटरवर काम करते. पुस्तकं द्यायची, परत घ्यायची, लोकांनी मागवलेली बाजूला काढून ठेवायची. तोंडानं मी फटकळ, हे अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही, हेही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझे काय हाल झाले ते नीट कळेल.

तर दोन हजार चारच्या जानेवारीत एका शनिवारी एकनाथराव काउंटरवर आले. कोट अंगातच, मफलर गळ्यात.

"वहिनी, इथे नसलेलं पुस्तक दुसऱ्या लायब्ररीतून मागवता येतं ना?"

"येतं की. कोणतं हवंय?"

"डंडी शहराचा इतिहास."

"कुठलं शहर?"

"डंडी. स्कॉटलंडमधलं."

मला वाटलं, फिरायला जायचं असेल बिचाऱ्यांना. बरं वाटलं मला, खरंच. सुलभा गेल्यापासून हा माणूस ऑफिस आणि घर याशिवाय कुठे गेला नव्हता. पण पुढच्या शनिवारी त्यांनी डंडीच्या तागाच्या गिरण्यांवरचं पुस्तक मागवलं. मग तिथल्या जुन्या स्मशानावरचं. मग तिथल्या नदीवरच्या पुलावरचं. फिरायला जाणारा माणूस हॉटेलं बघतो हो, स्मशानं कशाला बघेल? शेवटी मी विचारलंच.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "अबोलीनं मुलगा पसंत केलाय. ॲलन सूटर नाव. तिच्याच लॅबमध्ये आहे. मूळचा डंडीचा. सप्टेंबरपासून त्याला तिकडेच नोकरी मिळालीय. लग्न करून दोघं तिथेच जायचं म्हणतात."

"अगंबाई! मग तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, बघू."

"मग?"

"मग बघतोय," असं म्हणून त्यांनी पुलाच्या पुस्तकावर बोट ठेवलं.

आता आपली रीत काय आहे? स्थळ आलं की चौकशी करायची. पण मुलाला कोणी काही विचारत नाही, तो काय स्वतःला वाईट म्हणणार आहे? शेजाऱ्याला विचारायचं, कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारायचं, कचेरीतल्या एखाद्या तटस्थ माणसाला विचारायचं. मुलगा लातूरचा असता तर एकनाथरावांनी दोन फोनमध्ये त्याच्या आजोबांचा स्वभाव काढला असता. पण डंडीचं कोण ओळखीचं? संक्रांतीच्या कार्यक्रमात त्यांनी आडून आडून सगळ्यांना विचारून बघितलं. कोणाचा तरी भाचा लंडनला होता. तो म्हणाला, डंडीला थंडी फार असते. झाली चौकशी! तेव्हा यांनी ठरवलं, पुस्तकांना विचारू. पुस्तकाला कोणाची भीड पडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

"अबोलीला सांगितलंत हे?" मी विचारलं.

"चौकशी चालू असताना मुलीला सांगतात का, वहिनी? आणि तुम्हीही सांगायचं नाही. तुमच्याकडे नियम आहे ना तसा?"

होता नियम, कसा नसेल! लायब्ररीत कोण काय वाचतं ते आम्ही बाहेर कोणाला सांगायचं नाही. न्यूयॉर्कचे टॉवर पडल्यावर नवा कायदा आला होता, सरकार लोकांच्या वाचनाचे कागद मागू शकेल म्हणून देशभरातले लायब्ररीवाले चिडले होते. आमची सुपरवायझर कॅथी तर या बाबतीत वाघीण. "नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही, आणि बायकोलासुद्धा नाही," अशी तिची तंबी. त्यामुळे बसले मी तोंड शिवून.

मग दर शनिवारी अकराच्या सुमाराला एकनाथराव यायचे, खिडकीजवळच्या टेबलावर बसून वाचायचे, आणि जाताना काउंटरवर मला अहवाल द्यायचे.

"वहिनी, गावाच्या मधोमध टेकडी आहे. लॉ म्हणतात तिला. वर चढलं की सगळी नदी दिसते."

"बरं झालं. पर्वतीसारखं."

"हवा मात्र वाईट. भयंकर वारा. एकदा वादळात टे नदीवरचा रेल्वेचा पूल गाडीसकट पडला."

"कधी?"

"अठराशे एकोणऐंशी."

"अहो, मग आता नवा बांधला असेल ना!"

"बांधलाय. पण आधीचा पडला ही गोष्ट राहतेच की." आणि चेहरा असा, की जणू अबोली त्याच गाडीत बसली होती.

तागाच्या गिरण्यांचं वाचलं तेव्हा तर ते हादरलेच. बंगालातून ताग यायचा, व्हेल माशाचं तेल लावून तो मऊ करायचे, आणि गिरण्यांत कामाला बहुतेक सगळ्या बायका. पुरुषांना काम मिळायचं नाही, ते घरी बसून पोरं सांभाळायचे आणि चहाचं आधण ठेवायचे. गावानं त्यांना तसं नावच पाडलं होतं, किटली उकळणारे. "म्हणजे आपली अबोली राबणार आणि हा घरी बसून चहा करणार," एकनाथराव म्हणाले.

"करू दे की! आमच्या ह्यांना तीस वर्षांत एकदा तरी केलेला पाहिलाय का चहा? चांगलंच आहे गाव!" मी म्हटलं. शेजारी उभी असलेली म्हातारी दचकून माझ्याकडे बघायला लागली. मला मराठीत हळू बोलताच येत नाही.

पण स्मशानाचं पुस्तक त्यांना मनापासून आवडलं. हाऊफ म्हणतात त्या जागेला. गावातल्या नऊ धंद्यांच्या लोकांची बैठक पूर्वी तिथे भरायची, थडग्यांवर बसून. आधी त्यांना ते विचित्र वाटलं. गावची बैठक देवळात नाही, चावडीवर नाही, थेट स्मशानात! मग म्हणाले, "एका अर्थी बरोबर आहे. तिथे बसून माणूस खोटं बोलत नसेल."

एकदा लायब्ररीच्या हॉलमध्ये इथल्या स्कॉटिश वंशाच्या लोकांचा कार्यक्रम होता. सगळे चौकड्यांचे घागरे नेसून आलेले. कॅथीनं एकनाथरावांना मुद्दाम बोलावलं. हे गेले, आणि एकेकाला गाठून विचारत सुटले, "तुमच्यापैकी डंडीचं कोण?" कोणी नाही! सगळ्यांचे खापरपणजोबा अडीचशे वर्षांपूर्वी आलेले. कूळ पाठ, चौकडीचा रंग पाठ, गाव बघितलेलं नाही. एकनाथराव परत आले ते एवढंच म्हणाले, "कूळ मानतात, हे बरं आहे." मी कपाळावर हात मारला.

मार्चमध्ये मात्र आमचं वाजलं. ते पुस्तक परत द्यायला आले, चेहरा उतरलेला. मी विचारलं, काय झालं. म्हणाले, "सूटर म्हणजे तिकडच्या जुन्या बोलीत जोडे शिवणारा."

माझं डोकंच फिरलं. "अच्छा! म्हणजे मुलीला जात विचारायची लाज वाटली, म्हणून पुस्तकाला विचारलीत होय?"

"मी विचारली नाही. वाचताना समोर आली."

"समोर आली तर पान उलटायचं! तीस वर्षं अमेरिकेत राहून हे? सुलभा असती तर तिनं तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं."

लोक बघायला लागले. एकनाथराव लाल झाले. पण चिडले नाहीत. म्हणाले, "उलटलं हो पान, वहिनी. पुढे लिहिलंय, त्या नऊ धंद्यांत जोडे शिवणारेही होते. बाकीच्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. आपल्याकडे बसू दिलं असतं का? मला त्याची लाज वाटली. सूटरची नाही." आणि गेले. मी दिवसभर चुकीच्या खणात पुस्तकं लावत होते.

एप्रिल संपत आला आणि एका संध्याकाळी अबोली माझ्या घरी आली. मी पोहे टाकले होते. ती खुर्चीत बसली आणि एकदम रडायलाच लागली.

"मावशी, बाबांना ॲलन नकोय. ही वोन्ट इव्हन से इट. फक्त ‘बघू’ म्हणतात. चार महिने झाले! मी डंडीचं नाव काढलं की उठून भांडी घासायला जातात. ॲलन भेटायला येतो म्हणाला तर म्हणाले, ‘इतक्यात नको.’ आय कान्ट डू धिस एनीमोअर."

"अगं, वेळ दे थोडा त्यांना."

"वेळ संपला, मावशी. पुढच्या शुक्रवारी आम्ही कोर्टहाऊसमध्ये लग्न करतोय. बाबांना नंतर सांगणार. ही विल नेव्हर फर्गिव्ह मी, आय नो. पण ‘नाही’ ऐकून लग्न करण्यापेक्षा न विचारता केलेलं बरं."

काय सांगू माझी अवस्था! एक वाक्य पुरलं असतं. अगं पोरी, तुझा बाप चार महिने तुझ्या सासरचा दगड न् दगड वाचतोय. जिभेच्या टोकावर होतं ते वाक्य. आणि समोर कॅथीचा चेहरा. आज मी एकीचं भलं करायला बोलले, तर उद्या दुसरी कोणीतरी दुसऱ्या कोणाचं वाईट करायला बोलेल, हे कॅथीनं शंभर वेळा समजावलेलं. नियम मला पटलेला होता, तिथेच तर घोडं अडलं. मी उठून गॅस बंद केला, पाणी प्याले. पोहे करपले होते.

"शनिवारी अकराला लायब्ररीत ये," मी म्हटलं.

"व्हाय?"

"मावशी म्हणतेस ना मला? मग ये. प्रश्न विचारू नकोस."

माणसाला लायब्ररीत बोलावू नये, असा नियम काही कुठे नाही.

शनिवारी एकनाथराव त्यांच्या टेबलावर बसले होते. समोर पुस्तकांची चळत, सगळ्यात वरच्यावर ठळक अक्षरांत डंडी. अबोली दारातून आत आली, मला शोधायला लागली, आणि तिला आधी तेच दिसले. ती दोन कपाटांच्या मध्ये थबकली. मी ट्रॉली ढकलत जवळ गेले आणि पुस्तकं लावायचं नाटक करत उभी राहिले.

"बाबा? व्हॉट इज धिस?"

त्यांनी पटकन पुस्तकावर हात ठेवला. मग स्वतःच काढला. "चौकशी."

"कसली?"

"तुझ्या स्थळाची."

ती एकेक पुस्तक उचलून बघत गेली. गिरण्या, स्मशान, पूल, साडेचारशे वर्षांपूर्वीच्या गल्ल्यांचे नकाशे. "चार महिने तुम्ही हे करताय? बाबा, ॲलनला का नाही विचारलं?"

"मुलाला विचारून कधी चौकशी होते का?"

अबोली मटकन खुर्चीत बसली. ती हसत होती की रडत होती ते मला मागून कळेना. "आय थॉट यू हेटेड हिम," ती म्हणाली. आणि मग मराठीत, "मग काय निघालं चौकशीत? सांगा."

एकनाथरावांनी चष्मा नीट केला आणि बॅचचा रिपोर्ट द्यावा तसं सुरू केलं. वारा फार. पूल एकदा पडलेला. जुनी बाजारपेठ त्यांनी आपल्या हातानं पाडली आणि नवी बांधली, हे काही बरं केलं नाही. पण माणसं कष्टाळू. बायका कोणाला भीत नाहीत. गरिबी बघितलेली आहे, त्यामुळे माज नसावा. मुरंबा चांगला करतात.

"मग पास की फेल?"

"ते सांगता येत नाही. एक गोष्ट राहिलीय. ती कुठल्याच पुस्तकात सापडत नाही."

"कोणती?"

ते खिडकीबाहेर बघत बोलायला लागले. "तुझ्या आईच्या वडिलांनी माझी चौकशी केली होती. आमच्या मास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारलं. मिरज पसंत पडली, मुलगी दिली. आणि मी वर्षाच्या आत तिला इथे आणलं. कॅरीची चौकशी कोणी केली नव्हती. मीसुद्धा नाही. मी सकाळी गाडी घेऊन जायचो, अंधार पडल्यावर यायचो. तिला गाडी येत नव्हती, बोलायला माणूस नव्हतं. तू पोटात असताना तिला ताप आला, तर पाणी द्यायला कोणी नव्हतं. दोन वर्षं रडली ती. मला दिसत होतं, आणि मी कामावर जात होतो."

अबोलीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मग या सुवर्णावहिनी इथे राहायला आल्या," असं म्हणून त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं. मी ट्रॉलीमागे उभी आहे हे त्यांना केव्हाचं कळलं होतं. "पहिल्याच दिवशी घरात घुसल्या आणि तिला म्हणाल्या, रडतेस काय, चल, भाजी आणू. तेव्हा सुलभा या गावात पहिल्यांदा हसली. डंडीत अशी कोण आहे, ते कुठल्या पुस्तकात लिहिलंय? असेल तर दाखव. मी आत्ता होकार देतो."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मी हातातलं पुस्तक तसंच तोंडावर धरलं.

अबोली उठली, बापाचा हात धरला आणि त्यांना बाहेर पार्किंग लॉटमध्ये घेऊन गेली. मी कॅथीला म्हटलं, पाच मिनिटांत आले, आणि मागोमाग धावले. अबोली पर्समधून परदेशी फोन करायचं कॉलिंग कार्ड काढून त्यावरचा लांबलचक नंबर मोबाईलवर दाबत होती.

"कोणाला लावतेस? ॲलनला नको हं," एकनाथराव म्हणाले.

"ॲलनला नाही. त्याच्या आईला. तिथे ती एकटीच असते."

एकनाथराव गडबडले. फोनवर कोणी दिसत नाही, तरी त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग फोन दोन्ही हातांनी कानाला धरला आणि आपल्या मिरजेच्या इंग्रजीत, एकेक शब्द तोलून बोलले. "मिसेस सूटर, नमस्कार. मी अबोलीचे वडील. तुमच्या गावाबद्दल मी पुष्कळ वाचलंय. एकच विचारायचं आहे. माझ्या मुलीला थंडीत खोकला होतो, आणि ती कोणाला सांगत नाही. आईवर गेलीय. तिथे तिच्याजवळ कोण असेल?"

पलीकडून ती बाई बोलायला लागली. एकनाथराव कपाळाला आठ्या घालून ऐकत होते. एवढी पुस्तकं वाचली, पण डंडीचं बोलणं कानावर पडलं नव्हतं कधी, निम्मं कळत नसावं. "पार्डन?" म्हणाले एकदा. तिनं परत सांगितलं असावं. मग ते फोन कानाला धरून नुसते उभे राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. शेवटी "थँक यू" म्हणाले. फोन त्यांनी अबोलीच्या हातात दिला.

"बाबा, काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, मी असेन." एवढं सांगून त्यांनी चष्मा काढला. "आणि मग त्यांनी मलाच विचारलं. म्हणाल्या, पण मिस्टर ताम्हनकर, तुमच्याजवळ कोण असेल?"

अबोलीनं त्यांना मिठी मारली. सुलभा गेली तेव्हासुद्धा मी त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, नाक पुसलं, घसा साफ केला.

"स्थळ चांगलं आहे," ते म्हणाले. "उद्या मुलाला जेवायला बोलाव."